केळं झाडाचं की जमिनीचं?



मेळघाटची वळणं पार करून धारणीला पोचलेल्या सर्वांचं परिषदेची आयोजन समिती मनापासून स्वागत करते. घाटात ज्यांचं पोट ढवळलं, त्यांना आधी चहा. अंतर्मुख होणं त्यानंतर.

गाडगेबाबांचं कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना ज्या वऱ्हाडाच्या अंगवळणी पडली, तिथे यहुदी साधनेवर परिषद कशाला, असं कुणालाही वाटेल. पण या साधनेचा एक पत्ता अस्सल मराठी आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज वाचले, असं बेने इस्रायली यहुदी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात ते तेल गाळू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं.

ग्रंथ दुरावले, हिब्रू विसरली. उरलं ते सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम आणि परमेश्वर एकच आहे असं सांगणारी ‘शेमा’. प्रत्येक विधीला तीच. एवढ्याशा शिदोरीवर शतकं निघाली, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधलं ते थेट १७९६मध्ये. पुढच्या शतकात बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनंही रंगू लागली.

शेमाच्या पहिल्या ओळीला यहुदी उजव्या हाताने डोळे झाकतात. मलिद्याला मात्र डोळे उघडे लागतात. एलियाहू नबीच्या स्मरणार्थ, नवस फेडताना किंवा लग्नाआधी बेने इस्रायली घरात हे ताट मांडतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. खाण्याआधी प्रत्येक पदार्थाचा आशीर्वाद म्हणायचा. खजूर झाडाचा, म्हणून त्याचा आशीर्वाद वेगळा. केळं मात्र यहुदी धर्मशास्त्राने जमिनीच्या पिकांत धरलं आहे. केळीला लाकडी खोड नसतं आणि घड उतरला की तो बुंधा संपतो. आपल्या बागायतदारांना हे शिकवायला नको! घास तोंडात घालण्याआधी तो कुठून आला ते पाहायचं आणि मग देणाऱ्याचं नाव घ्यायचं. डोंगरावर जाऊन बसण्यापेक्षा ही साधना अवघड असावी, कारण भूक लागलेली असते.

बेने इस्रायली बहुसंख्येने इस्रायलला गेले, मलिदाही सोबत गेला. दुपारचं सत्र त्यावरच आहे. इथल्या कोरकू गावांत पूजा आणि औषधोपचार करणाऱ्या भुमकांनाही समितीने बोलावलं आहे. पाहुण्यांनी त्यांना नुसतं मागच्या रांगेत बसवू नये, बोलतं करावं.