जुन्या मोटारीचा रंग आणि झाशीचे ऊन



झाशीचा किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे ती टेकडी ग्रॅनाइटची आहे. ओरछ्याचा राजा वीरसिंह देव याने १६१३ मध्ये तो बांधविला. १७४२ नंतर मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी त्याचा विस्तार केला. हा इतिहास येथे सर्वांस परिचित आहे. मोटारीच्या रंगावरील भाषणात तो कशासाठी, असा प्रश्न मात्र पडण्यासारखा आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या खडकावर हा किल्ला उभा आहे तोच खडक उन्हापावसाने झिजून, वाऱ्याने उडून आणि अलीकडे खडीच्या क्रशरांत दळला जाऊन रोज सकाळी झाशीतील प्रत्येक मोटारीच्या बॉनेटवर येऊन बसलेला असतो. ग्रॅनाइटमध्ये मुख्यत्वे क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजे असतात. खनिजांचे काठिण्य मोजण्याची मोहसची जी श्रेणी आहे तिच्यात क्वार्ट्झचा क्रमांक ७ आणि फेल्डस्पारचा ६ लागतो. साधी काच या दोहोंपेक्षा मऊ असते, आणि मोटारीचा रंग तर काचेच्याही मानाने फारच मऊ. अशा स्थितीत सकाळी उठून कोरड्या फडक्याने मोटार पुसणे, ही जी आपल्याकडील सर्वमान्य रीत आहे, तिला पुसणे म्हणावे की घासणे म्हणावे, याचा विचार केला पाहिजे. गाडी स्वच्छ दिसते हे खरे; परंतु उन्हात तिरप्या नजरेने पाहिले असता छपरावर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात, ती बहुतांशी त्या फडक्याचीच कामगिरी असते.

हे नुकसान नव्या गाडीचेही होते. पण जुन्या गाडीच्या बाबतीत ते अधिक गंभीर का, हे समजण्यासाठी तिच्या रंगाची घडण पाहावी लागेल. येथे जुनी गाडी म्हणजे प्रामुख्याने दोन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. एक, बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, जिचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. आणि दुसरी कुर्ल्याची प्रीमियर, जी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि जिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची गेली. खासगी मालकांनी जपलेल्या अशा गाड्या आजही गावोगावी आहेत. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो आणि ऊन, धूळ, ओरखडे प्रथम तो सोसतो. जुन्या गाड्यांच्या साध्या रंगांवर असा थर बहुधा नसतो. तेथे रंग हाच सर्वांत वरचा थर होय.

हा रंग बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर किंवा सिंथेटिक एनॅमल या दोहोंपैकी एका जातीचा असतो. आपल्याकडील रंगारी आजही ‘ड्यूको’ मारायचा का, असे विचारतात. हा शब्द म्हणजे अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या एका लॅकरचे व्यापारी नाव आहे. त्यापूर्वी मोटारीला व्हार्निशाचे थरांवर थर द्यावे लागत आणि ते वाळण्यात आठवडे जात. १९२४ साली ओकलंड मोटारीवर हा लॅकर निळ्या रंगात आला आणि तेच काम फार थोड्या वेळात होऊ लागले. कंपनीचे नाव लोक विसरले, पण तिच्या मालाचे नाव सुतारांच्या आणि रंगाऱ्यांच्या तोंडी राहिले. असो.

आता ‘पॉलिश’ या शब्दाकडे वळू. मराठीत या एका शब्दाने फार घोटाळा केलेला आहे. लाकडी कपाटाला पॉलिश करतात तेव्हा स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा थर बोळ्याने वर चढविला जातो. तेथे काहीतरी भर पडते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात तेव्हाही कथलाची भर पडते. परंतु हीच भांडी घरी चिंच आणि राख लावून लखलखीत करतात तेव्हा काय होते? काळवंडलेला पृष्ठभाग निघून जातो आणि खालची ताजी धातू उघडी पडते. मोटारीचे पॉलिश हे कल्हईसारखे नसून चिंचेसारखे आहे. त्यात अतिसूक्ष्म अपघर्षक कण असतात. उन्हातील अतिनील किरणांनी रंगातील रेझिन कुजते, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर खडूसारखी पूड जमते. लाल रंगात हे विशेष लवकर दिसते. पॉलिश ही मेलेली पूड खरवडून काढते आणि खालचा जिवंत रंग वर आणते. मालकाला वाटते की गाडीला काही लावले. वस्तुतः गाडीतून काही काढलेले असते.

आणि जे काढले जाते त्याचा साठा मर्यादित आहे. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर प्रायमरसह सर्व थरांची जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांइतकी. त्यातही वरच्या रंगाचा वाटा थोडाच. चाळीस वर्षे दर दिवाळीला ‘रबिंग’ मारून घेतलेल्या गाडीवर त्यातले किती उरले असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बॉनेटच्या उंचवट्यावर किंवा दाराच्या कडेवर प्रायमरचा करडा अथवा विटकरी पट्टा डोकावू लागला, म्हणजे तेथे हिशेब संपलेला आहे. तो रंग कोणत्याही बाटलीतून परत येत नाही.

एवढ्याचसाठी जुन्या गाडीला यंत्रापेक्षा हात बरा. यंत्राची फिरती गादी एका जागी क्षणभर जास्त टेकली तरी उष्णता निर्माण होते आणि कडांवरचा पातळ रंग जळतो किंवा साफ निघून जातो. पद्मिनीच्या मागच्या बाजूच्या पंखासारख्या कडा आणि ॲम्बेसेडरच्या गोलसर मडगार्डांचे माथे ही अशीच धोक्याची ठिकाणे. हाताला वेळ लागतो, खांदा दुखतो, पण हात रंगाची कुरबुर ऐकू शकतो. कडांवर प्रथम कागदी चिकटपट्टी लावून त्या झाकून घेणे हे शहाणपणाचे.

काम पहाटे, सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागत असतानाच करावे. मे-जूनमध्ये झाशीचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि उन्हातल्या बॉनेटवर तळहात ठेवणे अशक्य होते. त्या दिवसांत हे काम मुळीच हाती घेऊ नये. सुरुवात पाण्याच्या मोठ्या धारेने करावी, म्हणजे ग्रॅनाइटची कच घासली न जाता वाहून जाईल. मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे आणि फडके पिळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी. एकाच बादलीत फडके बुडवीत राहिल्यास काढलेली कच पुन्हा गाडीवर येते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहिले असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने ते सुटतात. ते लगेच धुऊन टाकावे. यानंतर एखाद्या आडबाजूच्या जागी, दाराच्या खालच्या अंगाला, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही, हे निश्चित झाले. मग सर्वांत सौम्य पॉलिश घ्यावे, एका वेळी हात-दीड हात चौरस जागा घ्यावी, हलक्या दाबाने सरळ रेषेत चोळावे आणि चमक आली की थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड असते. एखादा खोल ओरखडा पूर्ण जाईपर्यंत घासत राहण्याचा मोह होतो. त्या एका रेषेसाठी भोवतालचा सर्व रंग खर्ची पडतो. तो ओरखडा राहू द्यावा.

पॉलिशने उघडा केलेला ताजा रंग निराधार असतो. त्यावर काहीतरी आच्छादन हवे, आणि येथे मेण व सीलंट यांचा प्रश्न येतो. मोटारीच्या मेणात मानाचे स्थान कार्नोबाचे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते आणि इतर मेणांच्या मानाने कठीण असते. तथापि डब्यातील मेण शुद्ध कार्नोबाचे नसते. त्यात मऊ मेणे आणि तेलेही असतात, आणि तापत्या पत्र्यावर ते फार काळ टिकत नाही. फवाऱ्याचे सीलंट ही वेगळी जात आहे. पाण्यात किंवा द्रावकात मिसळलेली बहुवारिके, सिलिकोनची संयुगे, आणि हल्लीच्या काही बाटल्यांत सिलिकेचे सूक्ष्म कण, असा त्याचा घटकसमूह असतो. पाणी किंवा द्रावक उडून गेले की रंगावर एक अत्यंत पातळ पापुद्रा उरतो. तो चमकीला हातभार लावतो. पण त्याचे खरे काम निराळेच आहे. धूळ घट्ट चिकटत नाही, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक लवकर सुटतो, म्हणून कमी घासावे लागते. सीलंट पुढचे पॉलिश लांबणीवर टाकते, हीच त्याची किंमत.

ते मारताना बाटलीवरील सूचनेपेक्षा हवेकडे अधिक लक्ष द्यावे. वारा असेल तर फवारा गाडीवर न मारता फडक्यावर मारावा. एका बॉनेटला दोन-तीन फवारे पुरतात. अधिक मारल्याने पापुद्रा जाड होत नाही, ओघळ तेवढे राहतात. एका फडक्याने पसरावे, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्यावे आणि काही तास पाणी लागू देऊ नये. पॉलिशची तेले अंगावर असतील तर सीलंट धरत नाही, म्हणून आधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हलका हात फिरवतात. लॅकरच्या रंगावर मात्र हे करू नये. द्रावकांनी तो मऊ पडतो. तेथे साबणाचे साधे धुणेच बरे.

सीलंटविषयी दुकानांतून जे सांगितले जाते त्यातील बरेचसे अतिरंजित असते. पाण्याचे मोत्यांसारखे थेंब जमले म्हणजे सर्व साधले, असे मुळीच नाही. जड पाण्याचा तोच मोती उन्हात जागच्या जागी वाळला की क्षारांचे गोल कडे मागे ठेवतो. गाडी धुतल्यावर कोरडी करणे चुकत नाही. तसेच आतून येणाऱ्या गंजाला बाहेरचा पापुद्रा काय करणार? दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मातीने बुजली असतील तर आधी ती मोकळी करावी. कापडी आच्छादनही धुळीच्या गाडीवर घालू नये. लूच्या झोतात ते फडफडते आणि रात्रभर पॉलिश-कागदाचे काम करते.

आणखी एक गोष्ट मालक सहसा विचारात घेत नाहीत. जुन्या गाडीचा एखादा पत्रा कधी ना कधी पुन्हा रंगवावा लागतो. त्या वेळी सिलिकोनचा अंश राहिला असेल, तर ओला रंग त्या जागेपासून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. रंगारी सिलिकोनच्या नावाने बोटे मोडतात ते उगीच नव्हे. म्हणून येत्या काही महिन्यांत डेंटिंग-पेंटिंग करावयाचे असेल तर सीलंट मारूच नये, आणि मारले असल्यास रंगाऱ्यास तसे स्पष्ट सांगावे.

अर्थात पूर्ण गाडी नव्याने रंगवून या सर्वांतून सुटका करून घेता येते, आणि अनेक जण ती करूनही घेतात. पन्नाशीकडे झुकलेल्या गाडीच्या मालकाने तरी थोडे थांबावे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांवरील खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि वाहन मूळ रूपात राखलेले असावे अशी अपेक्षा असते. हा नियम रंगाचा थर मोजीत नाही. परंतु जुन्या गाड्यांचे जाणकार कारखान्याच्या मूळ रंगाला, तो थोडा फिकटलेला असला तरी, चकचकीत नव्या रंगापेक्षा वरचे स्थान देतात.

झाशीपुरते बोलावयाचे तर पॉलिशचा योग्य काळ एकच, पावसाळा सरल्यानंतरचा ऑक्टोबर. आणि तोही दरवर्षी नव्हे, केवळ रंगावर पूड दिसू लागली तरच. सीलंटचा एक हात त्याच वेळी, दुसरा फेब्रुवारीच्या अखेरीस, ऊन चढण्यापूर्वी. डब्यावर छापलेल्या महिन्यांच्या आकड्यावर विसंबू नये. धुतलेल्या छपरावर पाणी थेंबांनी न राहता पसरट साचू लागले की पापुद्रा गेला असे समजावे. प्रत्येक पॉलिशची तारीख आणि कोणत्या पत्र्यावर प्रायमर जवळ आला आहे त्याची नोंद एका कागदावर करून तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला कोणत्या पत्र्यावर हात उचलायचा नाही, ते त्यावरून कळेल.