‘रन’ची लांबलचक धाव

इंग्रजीतला ‘रन’ आपल्याला क्रिकेटमुळे ओळखीचा. मराठीने त्याची ‘धाव’ केली. षटकार मारून फलंदाज जागचा हलला नाही, तरी नावावर ६ धावा!

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ने तिला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! संपादक पीटर गिलिव्हर त्यांत ९ महिने गुंतले होते. इंग्रजीत नदी ‘रन’ होते, गळकं नाक आणि धुण्यात सुटणारा कच्चा रंगही. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो. ब्रिटनमधला मात्र ‘स्टँड’, म्हणजे उभा राहतो, अगदी आपल्यासारखा.

आणि आपलं ‘लागणं’? भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नशीब असेल तर नोकरीही लागते.