मणक्याला मार बसला, वकील कसा शोधाल?

सोलापूरच्या सात रस्त्यावरची वाहनांची गर्दी आपल्याला नवी नाही. अशा गर्दीत अपघात होतो, मज्जारज्जू दुखावतो, कमरेखालचं अंग लुळं पडतं आणि घरचे दवाखान्यामागे धावतात. ते बरोबरच आहे. पण मोटार अपघात दाव्याला कायद्यात 6 महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकील लवकर गाठा. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी दावा आपण राहतो तिथे, म्हणजे सोलापुरातच, दाखल करता येतो.

वकिलाने जखमी माणूस काय काम करत होता, हे विचारलं का, ते पाहा. कारण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणजेच कमाईचं नुकसान नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सांगितलंय. यंत्रमागापुढे उभंच राहता येत नसेल, तर त्या कामगाराची कमाई पुरतीच बुडाली. लघवीची नळी, हवेची गादी, कूस बदलायला ठेवलेला माणूस, हे खर्च तर जन्मभराचे. एकूण एक पावती जपा.

भरपाईतला अमुक टक्का माझा, असं ठरवायला वकिलांना नियमानेच मनाई आहे. खाटेपाशी येऊन कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा.

दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, नाहीतर आजच 15100 वर फोन लावा.