कृषिपदवी आणि आपली मुले
(ज्ञातिमंडळाच्या सोनपेठ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या सत्कारात बी. एस्सी. कृषि झालेल्या मुलामुलींची नावे ऐकून समाधान वाटले. परंतु व्यासपीठावरून ती मुले खाली उतरताच जो तो त्यांस एकच प्रश्न विचारू लागला : "आता परीक्षा कोणती देणार?" त्या प्रश्नाविषयीच दोन शब्द बोलावयाचे आहेत.

एके काळी मराठवाड्यातील मुलास शेतकीच्या पदवीसाठी पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागे. १९५६ साली परभणीस कृषि महाविद्यालय निघाले. १८ मे १९७२ रोजी तेथेच मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे जी विद्या दूरदेशी होती, ती आपल्याच जिल्ह्यात आली आहे.

हे शिक्षण चार वर्षांचे, आठ सत्रांचे. त्यात मृदाशास्त्र आहे, कीटकशास्त्र आहे, वनस्पतिरोगशास्त्र, उद्यानविद्या आणि कृषि अर्थशास्त्रही आहे. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषि कार्यानुभव म्हणून विद्यार्थी खेड्यात पाठवितात. तेथे तो शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन मातीचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी, हे दाखवितो. परक्या गावचा शेतकरी त्याचे ऐकून घेतो. तोच मुलगा घरी आला म्हणजे मात्र वडील खताचा हिशेब दुकानदारास विचारतात! यात दुकानदाराचा दोष काय?

या विद्येचे फळ आपण रोज खातो, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. केवड्याच्या रोगास दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी याच विद्यापीठाची. लोह आणि जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी २०१८ साली येथूनच आली. बदनापूर केंद्राचा 'बीडीएन ७११' हा तुरीचा वाण लवकर पक्व होतो. आपल्या कोरडवाहू रानात पाऊस उघडला, की शेंगा भरण्याच्या वेळी ओल तुटते. तेथे हे चार आठवडे फार मोलाचे. असा वाण कोणत्या रानात पेरावा आणि कोणत्या रानात पेरू नये, हे समजण्यासाठीच तर मुलास शिकविले.

स्पर्धापरीक्षेस माझा विरोध नाही. शेती तुकड्यातुकड्यांची झाली, पावसाचा भरवसा नाही, भावाची शाश्वती नाही. पित्यास नोकरीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. कृषि खात्यात, बँकेत आपली मुले गेली तर आनंदच. पण जागा थोड्या आणि उमेदवार अगणित. पाच-पाच वर्षे शहरात खोली घेऊन बसलेला मुलगा परतला म्हणजे त्यास अपयशी म्हणतात, आणि पहिल्याच वर्षी स्वेच्छेने परतला तर वेडा म्हणतात. त्यापेक्षा त्याच्या हाती दोन एकर रान तीन हंगाम निर्वेधपणे द्यावे. पीक त्याने ठरवावे, हिशेबाची वही त्याने ठेवावी. वडिलांनी वही पाहावी, पण मध्येच नांगर फिरवू नये.

आता एक नाजूक गोष्ट. शेती करणाऱ्या पदवीधरास मुलगी देण्यास आपल्यातील घरे कचरतात. मुलींच्या आईबापांस मी दोष देत नाही. परंतु मंडळाच्या वधू-वर परिचयपत्रिकेत 'नोकरी' एवढाच रकाना आहे, आणि शेती करणाऱ्याच्या नावापुढे तेथे आडवी रेघ छापली जाते. त्या जागी 'व्यवसाय' असा शब्द घालावा. शेतीचे क्षेत्र, पाण्याची सोय आणि पिके यांची नोंद करावी. कृषिपदवीधर मुलींचीही तशीच करावी. पुढील पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी कार्यकारिणीने हा बदल करावा, अशी सूचना मी आज सभेपुढे ठेवीत आहे.