ताटातल्या आकड्यांची जबाबदारी



या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण माझा सन्मान केलात, त्याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे. माझे आयुष्य अन्नविश्लेषणाच्या प्रयोगशाळेत गेले. त्यामुळे आज मी आपल्या रोजच्या जेवणातील पोषणद्रव्यांच्या मोजमापाविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण कच्च्या धान्याचे आकडे पुष्कळ गोळा केले. आता महाराष्ट्रातील माणूस प्रत्यक्ष जे शिजवून खातो, ते मोजण्याची वेळ आली आहे.

या आकड्यांवर काय काय अवलंबून असते, ते आधी पाहू. शालेय पोषण आहारात प्राथमिक शाळेतल्या मुलाला दररोज ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरवली आहे. तांदळाची सात-आठ ग्रॅम आणि डाळीची चार-पाच ग्रॅम प्रथिने धरली, की बेरीज जेमतेम बाराच्या आसपास जाते. म्हणजे तांदळाच्या आकड्यात एका ग्रॅमची चूक असेल, तर निकष कागदावर पूर्ण होतो आणि मुलाच्या पोटात अपुरा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. त्यांना काय खायला सांगायचे, हे आपण अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक उघडूनच ठरवतो. मधुमेही रुग्णाचा आहार, खेळाडूचा आहार, पाकिटावरचे लेबल, या सगळ्यांच्या मुळाशी तेच कोष्टक असते.

हे कोष्टक आपल्याला सहज मिळालेले नाही. १९१८ मध्ये कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी काम सुरू केले. त्या कामातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे पुढचे संचालक वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये ती राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९७१ मध्ये सी. गोपालन, बी. व्ही. राम शास्त्री आणि एस. सी. बालसुब्रमणियन यांचे पुस्तक आले. आपल्यातले बहुतेक जण पोषणशास्त्र शिकले ते त्याच पुस्तकावर. त्यानंतर २०१७ मध्ये टी. लाँगवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाचे सहा विभाग पाडून, ठिकठिकाणचे नमुने आणून, ५२८ अन्नपदार्थांतील १५१ घटक मोजले. एवढे मोठे काम पूर्ण करणाऱ्या या शास्त्रज्ञांपुढे मी आज आदराने नतमस्तक होते.

जुने आणि नवे कोष्टक शेजारी ठेवले की प्रत्येक विद्यार्थ्याला प्रश्न पडतो. जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, नव्यात २५२. जुन्यात बाजरीतले लोह ८ मिलिग्रॅम, नव्यात ६.४. जुन्यात बाजरीचा चोथा १.२ ग्रॅम, नव्यात तंतुमय पदार्थ साडेअकरा ग्रॅमच्या जवळपास. मग खरे कोणते मानायचे? याचे उत्तर द्यायचे तर आकडा कसा तयार होतो, ते सांगावे लागते.

चोथ्याचे उदाहरण घ्या. पूर्वी पीठ आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळत आणि उरलेला अवशेष तोलत. त्या उकळण्यात तंतूंचा मोठा भाग विरघळून निघून जात असे. आता पचनसंस्थेसारखी विकरे वापरून स्टार्च आणि प्रथिने काढून टाकतात आणि आपल्या आतड्यात न पचता जे पुढे जाते, ते मोजतात. बाजरी तीच राहिली, तिला विचारलेला प्रश्न बदलला. म्हणून पद्धतीचे नाव नसलेला आकडा अर्धवट असतो.

प्रथिनांचेही तसेच आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेली पद्धत आपण आजही वापरतो. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने ऊर्ध्वपातित करायचा, त्याचे अनुमापन करायचे आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. म्हणजे प्रथिने आपण थेट मोजतच नाही. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, या गृहीतावर ६.२५ उभे आहे; पण दुधासाठी योग्य गुणक ६.३८ आहे, तांदळासाठी ५.९५ आणि शेंगदाण्यासाठी ५.४६. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ४.६ ग्रॅम नायट्रोजन निघाला असे धरा. ६.२५ ने गुणले तर २८.७५ ग्रॅम प्रथिने होतात, ५.४६ ने गुणले तर २५.१. साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक फक्त गुणकाने पडतो. या पद्धतीला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही, आणि त्याचा गैरफायदा घेणारेही निघाले. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात प्रथिने भरपूर दिसावीत म्हणून मेलामाइन मिसळले गेले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. मोजमापातली एक उणीव लेकरांच्या जिवावर बेतू शकते, हे आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने कायम लक्षात ठेवले पाहिजे.

पद्धतीइतकाच नमुना महत्त्वाचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने मिळून दिलेल्या ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आहे. बाजरीच्या नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह असावे, असा दंडक २०१८ मध्ये ठरला. आता हिशेब करा. बाई दिवसाला २५० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी खात असेल, तर किमान दंडकाच्या बाजरीतून तिला साडेदहा मिलिग्रॅम लोह मिळेल आणि ‘धनशक्ती’तून पावणेअठरा. तिची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. दोन्ही भाकरी दिसायला सारख्या, पण त्यांतल्या लोहात सात मिलिग्रॅमचा फरक. अशा वेळी ‘बाजरीत लोह अमुक’ एवढे सांगून भागत नाही. वाण कोणता, किती ठिकाणचे नमुने घेतले, त्यांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा किती, हेही सांगायला हवे. दाण्यावरची माती धुतली होती का, दळण कोणत्या यंत्रात झाले, हेही नोंदवले पाहिजे. कारण मातीतले आणि यंत्रातले लोह आकड्यात शिरते आणि धान्याच्या नावावर जमा होते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. आपली कोष्टके बहुतांशी कच्च्या मालाची आहेत. मुगाच्या डाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, हे आपण सगळे सांगतो. पण वाटीभर पातळ वरणात डाळ पंचवीस ग्रॅम गेली असेल, तर त्या वाटीत प्रथिने सहा ग्रॅमच असतात. हे न सांगता आपण माणसाला आहार सांगितला, तर त्याचा गैरसमज आपणच करून देतो. पालेभाजी चिरून धुतली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जाते, उकळून पाणी फेकले की आणखी जाते. उलट, लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली की तिच्यात लोह उतरते. आंबील आंबवली, कडधान्याला मोड आणले, की लोह व जस्त अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि धान्यातले लोह व जस्त शरीराला अधिक मिळते. हे सगळे स्वयंपाकघरात घडते आणि कच्च्या धान्याच्या कोष्टकाला ते दिसत नाही.

आपल्या राज्याचे ताट एक नाही. खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, सोलापूरकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कोकणात नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले, विदर्भात अंबाडीची भाजी, पालघर-ठाण्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळे, कर्टोली. रानभाज्यांचे महोत्सव भरतात ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्या महोत्सवांतल्या फलकांवर ‘लोह भरपूर, कॅल्शियम भरपूर’ असे लिहिलेले असते, तेव्हा भरपूर म्हणजे किती, हा प्रश्न आपल्यालाच विचारला गेला पाहिजे. शेवळ्याची खाज घालवायला सुगरण काकडाची फळे घालते. त्या प्रक्रियेनंतर भाजीत कॅल्शियम अडवून धरणारे ऑक्झलेट किती उरते आणि कॅल्शियम किती मिळते, हे मोजणे आपले काम आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान जपणाऱ्या आदिवासी बायांना त्या आकड्यांचे श्रेय नावानिशी मिळाले पाहिजे, असेही मी आग्रहाने म्हणते.

यासाठी या परिषदेपुढे मी चार गोष्टी ठेवते. पहिली, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी आणि गृहविज्ञान महाविद्यालयांनी मिळून महाराष्ट्रातील शिजवलेल्या पदार्थांचे कोष्टक हाती घ्यावे. पहिल्या टप्प्यात ५० पदार्थ पुरेत, पण प्रत्येकाची कृती, साहित्याचे वजन, शिजल्यावरचे वजन आणि वाढण्याचे माप लिहिलेले असावे. दुसरी, काम सुरू होण्याआधी एकाच पिठाचे नमुने सर्व प्रयोगशाळांना पाठवावेत. त्यांचे आकडे जुळेपर्यंत एकही आकडा छापू नये. तिसरी, प्रत्येक आकड्यासोबत पद्धत, गुणक, नमुन्यांची संख्या आणि फरकाची मर्यादा द्यावी. चौथी, हे कोष्टक मराठीत आणि सर्वांना मोफत मिळावे. त्यात १०० ग्रॅमबरोबरच एक भाकरी, एक वाटी, एक पळी अशीही मापे असावीत. अंगणवाडी सेविकेला ते वाचून उद्याचा स्वयंपाक ठरवता आला, तरच आपले श्रम सार्थकी लागले असे मी मानेन.

तरुण सहकाऱ्यांना एक विनंती आहे. हे काम संथ आणि चिकाटीचे आहे. नमुना पुन्हा घ्यावा लागतो, भट्टीतली राख पुन्हा तोलावी लागते, आणि शेवटी हाती एक आकडा येतो. पण त्या आकड्यावर कोणा मुलाचे दुपारचे जेवण आणि कोणा गर्भवतीचा आहार ठरणार असतो. म्हणून नमुना घेताना घाई करू नका, आणि ज्याची खात्री नाही तो आकडा कितीही मागणी असली तरी देऊ नका.

महाराष्ट्राने पाककृती भरभरून लिहिल्या आहेत. त्या पदार्थांचे पोषण प्रामाणिकपणे मोजून लोकांच्या हाती देणे हे आता आपल्या पिढीचे कर्तव्य आहे. या परिषदेने समारोपाच्या सत्रात तसा ठराव करावा आणि पुढच्या अधिवेशनात पहिल्या ५० पदार्थांचे आकडे मांडावेत, असे आवाहन करून मी आपली रजा घेते.