चिक्कूची शाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या घरी एक नवा विद्यार्थी दाखल झाला. वय साधारण दोन महिने, उंची वीतभर, रंग पिकलेल्या चिकूचा. नातू शिकवणीहून येताना त्याला दप्तरात घालूनच घेऊन आला. गटाराच्या कडेला भिजत पडलं होतं, आई कुठं दिसली नाही, असं त्याचं म्हणणं. यजमान म्हणाले, ‘‘चार दिवस राहू दे. पाऊस उघडला की बघू.’’ श्रोतेहो, ज्यांच्या घरी कुत्रं आहे, त्यांना हे चार दिवस किती लांबतात ते सांगायला नको. रंगावरून ‘चिक्कू’ नाव पडलं आणि नाव पडलं तिथंच निकाल लागला.

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. २००८ साली निवृत्त झाले. त्यामुळे ‘याला वळण मी लावते,’ असं मोठ्या रुबाबात जाहीर करून टाकलं. तिसरीचे साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळलेल्या बाईला एवढंसं पिल्लू काय जड?

पहिली रात्र त्यानं रडून काढली. शेजारचे काका म्हणाले, ‘‘रडू द्या, सवय होईल.’’ पण कालपर्यंत जो जीव आईच्या आणि भावंडांच्या उबेत झोपत होता, त्याला एकाएकी गार फरशीवर एकटं टाकलं तर तो रडणारच. दुसऱ्या रात्री सूनबाईनं पुठ्ठ्याचं खोकं माझ्या पलंगाशी आणून ठेवलं, त्यात माझी जुनी साडी अंथरली. मी हात खाली सोडून निजले. हाताला नाक लावून तो झोपला. चार रात्रींनंतर हाताचीही गरज उरली नाही.

खरी परीक्षा फरशीवर होती. सकाळी देवघरापुढं तळं, दुपारी सोफ्याशी तळं. काकांकडे यावरही औषध तयार होतं : ‘‘नाक त्यात घासा आणि पेपर गुंडाळून दोन फटके द्या.’’ मी ते केलं. रोज सकाळी वाचून झालेला पेपर गुंडाळून मी हाताशी ठेवू लागले. तळं दिसलं की चिक्कूला धरून आणायचं, दाखवायचं आणि फटका. तो कान पाडायचा, अंग चोरायचा, नजर चुकवायचा. मी घरच्यांना सांगायची, ‘‘बघा, चूक कळली त्याला.’’

चार-पाच दिवसांत तळी दिसेनाशी झाली. मी खूश. मग एकदा कपाटामागून उग्र दर्प आला. कपाट सरकवलं, तर मागं सगळं साठलेलं. पलंगाखालच्या कोपऱ्यातही तेच. आणि गंमत अशी, की अंगणात नेलं तर तो माझ्यासमोर काही केल्या करायचाच नाही. अर्धा तास फिरवून घरात आणलं की सुळकन पलंगाखाली.

लस टोचायला नेलं तेव्हा ही तक्रार मी पशुवैद्यक बाईंच्या कानावर घातली. त्या हसून म्हणाल्या, ‘‘अहो, तो शिकलाय की! घरात करू नये हे नाही शिकला. तुमच्यासमोर करू नये, हे शिकला.’’

मग त्यांनी समजावून सांगितलं. पिल्लाच्या मनात कृती आणि तिचं फळ यांची सांगड एखाद-दुसऱ्या सेकंदात बसते. तासापूर्वीच्या तळ्यासाठी आत्ता फटका दिला, तर त्याला तळं आठवत नाही. ‘बाई आल्या की मार बसतो’ एवढंच कळतं. आणि तो पडलेला चेहरा? अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला आहे की नाही, याची खरी-खोटी माहिती मालकांना दिली गेली. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्यानं खाऊ खाल्ल्यावर नव्हे, तर मालक रागावल्यावर दिसत होता. काहीच न केलेली कुत्रीही रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. म्हणजे मी ज्याला पश्चात्ताप समजत होते, ती नुसती भीती होती.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मला आठवलं ते एक वेगळं कपाट.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा. चुकलेल्या गणितागणिक मी त्याच्या बोटांवर फूटपट्टी मारायची. दिवाळीनंतर त्याची वही एकदम स्वच्छ दिसू लागली, लाल फुल्या दिसेनाशा झाल्या. मी वर्गापुढं त्याचं कौतुक केलं, आणि फूटपट्टीचंही. वर्षाअखेर वर्गातलं कपाट हलवलं, तर मागं वहीच्या पानांचे बोळे. चुकलेलं पान तो फाडून तिथं टाकत होता. त्याला गणित आलं नव्हतं, लपवायला आलं होतं. त्याबद्दलही मी त्याला मारलं. पुढं सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घालणारा शिक्षणहक्क कायदा आला २००९ साली. मी तोवर घरी बसले होते. फूटपट्टीचा हिशेब मला कुणी विचारला नाही. तो विचारला या वीतभर पिल्लानं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेची पद्धत बदलली. एक जुना हजेरीपट काढला. चिक्कू कधी जेवला, कधी झोपला, कधी शू केली, सगळं त्यात लिहू लागले. तीन दिवसांत वेळापत्रक आपोआप समोर आलं. झोपून उठल्यावर, जेवण झाल्यावर, खेळून दमल्यावर पिल्लाला जावंच लागतं. दोन महिन्यांच्या जिवाला दिवसा दोन तासांपेक्षा फार काळ धरवत नाही. ती चूक नव्हे, ते वय आहे. तेव्हा या वेळा साधून त्याला उचलायचं, अंगणात पेरूच्या झाडाखाली नेऊन सोडायचं, गप्प उभं राहायचं. काम झालं की तिथल्या तिथं ‘शाबास’ आणि भाकरीचा तुकडा. घरात आल्यावर दिलेला तुकडा उपयोगाचा नाही, कारण तो घरात आल्याचं बक्षीस ठरतो. घरात झालंच, तर न बोलता पुसायचं. पण पुसायचं नीट, वास मागं ठेवायचा नाही, कारण पिल्लू नाकानं जागा ओळखतं.

वळण लावायचं होतं ते आम्हालाही. यजमान ‘बैस’ म्हणायचे, नातू ‘सिट’, सूनबाई ‘खाली बस’. पिल्लानं कुणाचं ऐकायचं? शेवटी घराची बैठक होऊन ‘बस’ हा एकच शब्द मंजूर झाला. चपला कुरतडल्या, तर चपला उचलून ठेवायची जबाबदारी आमची. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून नवे येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात, त्याला काहीतरी चावायला लागतंच. मग जुन्या सुती कापडाला गाठी मारून दिल्या. हात चावायला लागला की खेळ थांबवून पाठ फिरवायची. खेळ थांबणं हीच त्याला पुरेशी शिक्षा.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू खेळताना चावलं, दात नुसता ओरखडला, तरी ‘पिल्लूच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. पिल्लालाही रेबीज असू शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नातवाला आम्ही इंजेक्शनं दिली. चिक्कूच्या इतर लसी वेळेवर झाल्या, रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर टोचली. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडलं नाही, पण कडेवर घेऊन मंडई दाखवली, कुकरची शिट्टी ऐकवली, गणपतीतला ढोल लांबून ऐकवला. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत जे ओळखीचं होतं, त्याची पुढं सहसा भीती राहत नाही.

आपल्याकडं महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर जाणारा कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. पण आदिपर्वात, अगदी सुरुवातीलाही एक पिल्लू आहे. जनमेजयाच्या यज्ञाजवळ ते आलं आणि राजाच्या भावांनी त्याला मारून हाकललं. ते रडत आईकडं, सरमेकडं गेलं. आईनं आधी त्यालाच विचारलं, तू काही अपराध केला असशील. ते म्हणालं, मी हविर्द्रव्याकडं पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञात आली आणि तिनं विचारलं, माझ्या मुलाला का मारलंत? कुणीच उत्तर दिलं नाही. तेव्हा तिनं शाप दिला, की न दिसणारं भय तुमच्यावर येईल. इतका मोठा ग्रंथ त्या पिल्लाला जागा देतो, याचा अर्थ मला या वयात थोडाफार कळला.

पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते. चिक्कू आला, माझ्याकडं बघितलं, दाराशी जाऊन बसला आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. लपायला गेला नाही, मला सांगायला आला. चौतीस वर्षांत कुठल्या निकालाचा इतका आनंद झाला असेल, असं वाटत नाही.

पण सगळं पुसलं गेलं असं नाही. गुंडाळलेला पेपर हातात दिसला, की तो आजही कान पाडतो. म्हणून हल्ली मी पेपर गुंडाळत नाही. सकाळी ओसरीवर पूर्ण उघडून, फरशीवर पसरून वाचते. थोड्या वेळानं चिक्कू येतो आणि बरोबर मी वाचत असलेल्या मजकुरावर बसतो. त्याचं झोपून होईपर्यंत मी थांबते.