अर्थकारणाच्या खुर्चीवर पुढची कोण?

(कोल्हापुरात बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज मी एका खुर्चीबद्दल बोलणार आहे. ती खुर्ची लंडनच्या बीबीसीतली आहे, पण तिचा संबंध तुमच्या पिशवीतल्या पासबुकाशी आहे.

बीबीसीत अर्थविषयक संपादक असे पद आहे. अर्थसंकल्प आला, व्याजदर वाढले, बँक अडचणीत आली, की त्याचा अर्थ देशाला समजावून सांगायचे काम या व्यक्तीचे. २००८ साली या पदावर स्टेफनी फ्लँडर्स आल्या. जगभरच्या बँका हादरल्या तेही हेच वर्ष. २०१३ साली त्यांनी पद सोडायचे ठरवले आणि प्रश्न आला, आता कोण? आले रॉबर्ट पेस्टन. २०१६ साली कमाल अहमद. २०१९ साली फैझल इस्लाम. १९९० पासून या पदावर आलेल्या सहा जणांत बाई एकच.

हे पुरुष लायक नव्हते असे मी म्हणत नाही. प्रश्न वाटेचा आहे. पेस्टन आणि अहमद आधी बीबीसीचेच उद्योगविषयक संपादक होते. इस्लाम दुसऱ्या वाहिनीचे राजकीय संपादक. वरची खुर्ची रिकामी झाली की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे नाव आधी निघते. तिथे बाई बसलेलीच नसेल, तर "लायक बाई मिळाली नाही" हे उत्तर तयारच असते. हे उत्तर आपण सोसायटीत आणि पतसंस्थेतही ऐकले आहे.

आपल्याकडे काय आहे? मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत. म्हणजे बातमी वाचायला बाई चालते. २०१९ साली निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडला, म्हणजे मांडायलाही चालते. पण त्याचा अर्थ सांगायला?

एकदा अर्थसंकल्पाच्या दिवशी एका वाहिनीने आमच्या गटातल्या एका ताईंना चर्चेला बोलावले. चार पुरुष तुटीवर आणि करांवर बोलले. ताईंना एकच प्रश्न विचारला, "गॅस परवडतो का?" ज्या बाईला गल्लीतल्या प्रत्येक घराचे कर्ज माहीत आहे, एक हप्ता फेडायला दुसरे कर्ज कोणी काढले हे माहीत आहे, तिला विचारायचे काय, तर सिलिंडर! परत येताना ताई म्हणाल्या, "मला व्याजावर बोलायचं होतं गं."

मैत्रिणींनो, खुर्चीवर कोण बसते यावर बातमी कशाची होते ते ठरते. २०२५ साली प्राडा कंपनीने मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपले गाव जगभर गाजले. मी ऐकलेल्या चर्चांत किंमत होती, भौगोलिक मानांकन होते, निर्यात होती. घरात बसून चामड्याची वेणी घालणाऱ्या बाईला एका जोडामागे किती मिळतात, हे कोणी विचारले नाही.

सरकारच्याच वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे घ्या. २०१९ साली बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज २९९ मिनिटे घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ साली बायकांची मिनिटे झाली २८९. पाच वर्षांत दहा मिनिटे! ही अर्थकारणाची बातमी नाही तर कशाची?

सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली बायकांनी माणदेशी महिला बँक काढली. पुढे तिथे माणदेशी तरंग हे रेडिओ केंद्रही उभे राहिले. लंडनची खुर्ची आपल्या हातात नाही, पण आपला माईक आपण उभारू शकतो, हे माणदेशाने दाखवले.

तर दोन कामे ठरवूया. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो. त्याच्या महिनाभर आधी आपल्या जिल्ह्यातल्या बोलू शकणाऱ्या बायकांची यादी करू. अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, बँकेतल्या अधिकारी, गटाचे हिशेब ठेवणाऱ्या, वेणी घालणाऱ्या. ती आकाशवाणीला आणि वाहिन्यांना देऊ. आणि बोलावणे आले की आधी विचारू, "प्रश्न काय विचारणार?" नुसता गॅसचा असेल, तर सांगायचे, आम्हाला व्याजावरही बोलायचे आहे.

यादीत पहिले नाव त्या ताईंचे लिहिते. दुसरे कोण सांगतेय?